चौघांत एक दुर्बीण: वेळ कशी वाटायची, निगा कुणी राखायची?

प्रश्न विचारणारे सर सोलापुरात भौतिकशास्त्र शिकवतात. तीन महाविद्यालयं आणि आकाशप्रेमींचं एक मंडळ यांनी पैसे घालून मंद्रूपच्या बाजूला एका शेतात १६ इंची दुर्बीण उभी केली आहे. वर फायबरचा घुमट, जोडीला दोन कॅमेरे आणि एक छोटा वर्णपटमापक (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मोजणारं यंत्र). दोन हंगाम उलटल्यावर त्यांच्या तक्रारी अशा: जो येतो तो आपला कॅमेरा चढवतो आणि तसाच सोडून जातो. आठवडे वाटून घेतले होते, पण ज्यांचा आठवडा ढगात गेला ते भरपाई मागतात. घुमटाची मोटर जळाली, ती कधी जळाली हे कुणालाच माहीत नाही. दर पावसाळ्यानंतर पोलर अलाइनमेंट (दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी जुळवणं) बिघडलेलं असतं. आरशावर धूळ बसली आहे, पुसावा का? आणि सगळ्याचं एएमसी (वर्षाचा देखभाल करार) करून टाकलं तर सुटका होईल का?

सर, एएमसीचं शेवटी बोलू. आधी हे की तुमची दुर्बीण बारभाईंची झाली आहे. पैसे चौघांचे, किल्ल्या चार, आणि बिघाड मात्र कुणाचाच नाही. मी बरीच वर्षं दुर्बिणी चालवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात आहे. सामायिक वेधशाळा बंद पडतात त्या बहुधा याच रस्त्याने. आरसा खराब झाला म्हणून कुलूप लागलेली वेधशाळा मी क्वचितच पाहिली. बारीकसारीक गोष्टी न सांगता तशाच सोडल्या, आणि ऐन अमावास्येला मुलं थंडीत उभी आहेत पण घुमट फिरत नाही, हे मात्र जागोजाग पाहिलं.

म्हणून पहिलं काम: एक माणूस नेमा आणि किल्ली एकच ठेवा. समिती तुमच्याकडे आहेच, ती वर्षातून दोनदा बसून वेळेचं वाटप ठरवू दे. आपल्याकडे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही वेळेसाठी प्रस्ताव वर्षातून दोनदाच मागवतात, आणि तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. पण आज घुमट उघडायचा की नाही, वारा जास्त आहे का, हा कॅमेरा काढायचा का, हे एकानेच ठरवायचं. प्राचार्यांचा फोन आला तरी त्याला "आज नाही" म्हणता आलं पाहिजे. त्याला कुठल्याही एका महाविद्यालयाचा नोकर ठेवू नका, मानधन चौघांच्या सामायिक खात्यातून द्या. पीएचडी शोधत बसू नका. एमएस्सी झालेला, हाताने काम करायची लाज नसलेला मुलगा किंवा मुलगी बघा आणि गावातलाच आयटीआय केलेला एक इलेक्ट्रिशियन त्याच्या हाताशी द्या. रात्री दोनला फ्यूज उडाल्यावर मोटरसायकलवर दहा मिनिटांत पोचणारा माणूस लागतो.

"आम्ही सगळं शहरातून रिमोटवर चालवू, माणूस कशाला?" असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच. लडाखमधल्या हान्लेची २ मीटरची हिमालयीन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात, हे खरं. पण वर डोंगरावर, ४,५०० मीटर उंचीवर, माणसं बारा महिने असतात. तुमचा घुमट अर्धवट उघडा राहिला आणि वळीव आला, तर जुळे सोलापुरात बसून काय करणार?

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण निम्मी भांडणं इथली आहेत. दुर्बिणीला एक ठरलेली जोडणी असावी आणि ती कुणी वापरकर्त्याने बदलू नये. कॅमेरा काढून परत लावला की तो काही अंशांनी तरी फिरतो. मग आधीच्या फ्लॅट फ्रेम (धूळ आणि असमान उजेड दुरुस्त करायला घेतलेले सपाट उजेडाचे फोटो) बाद, कारण फिल्टरवरच्या धुळीची कडी आता दुसरीकडे पडतात. वजन बदलतं, म्हणून तोल परत साधावा लागतो. तो साधला नाही तर माउंटच्या, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीच्या, मोटरवर ताण येतो आणि गाईडिंग (ताऱ्यामागे दुर्बीण नेमकी सरकवणं) नाचायला लागतं. फोकस हलतो. आणि प्रत्येक वेळी यूएसबीची पिन थोडी सैल होते. मी पाहिलेल्या बिघाडांत केबल आणि तिच्या टोकांचा वाटा सगळ्यांत मोठा आहे, बाकी सगळं नंतर.

तुमच्या दुर्बिणीची नाभीय लांबी (फोकल लेंथ) ३,२५० मिलिमीटरच्या आसपास असणार. ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला तर एका पिक्सेलवर ०.२४ कोनीय सेकंद येतात (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). आपल्या पठारावर ताऱ्याची प्रतिमा २ ते ३ कोनीय सेकंदांची मिळाली तरी चांगली रात्र म्हणायची. म्हणजे दोन गुणिले दोन बिनिंग करून (चार पिक्सेल एक धरून) काम करा, काही बिघडत नाही, फायली चौपट लहान होतात. दोन कॅमेऱ्यांपैकी जो जास्त लोकांच्या कामाचा तो कायमचा बसवा, दुसरा कपाटात सुटा भाग म्हणून ठेवा. ज्या संस्थेने तो दिला तिचं नाव पाटीवर मोठं लिहा, राग जाईल.

राहिला वर्णपटमापक. त्याच्यासाठी पंचांग वापरा. वद्य अष्टमी ते शुद्ध अष्टमी हा काळोखाचा पंधरवडा कॅमेऱ्याचा: अंधुक दीर्घिका, लघुग्रह, धूमकेतू. शुद्ध अष्टमी ते वद्य अष्टमी, चांदण्याचा पंधरवडा, वर्णपटमापकाचा, कारण तेजस्वी ताऱ्यांच्या वर्णपटाला चंद्राचा फारसा त्रास नाही. बदल महिन्यातून दोनदाच, अष्टमीच्या दिवशी, दिवसाउजेडी, आणि तो व्यवस्थापकानेच करायचा. भिंतीवर कालनिर्णय असतंच, वेगळं वेळापत्रक छापायचीही गरज नाही.

वेळेचं वाटप करताना आठवडे वाटू नका. आठवडा वाटला की ढग म्हणजे अन्याय वाटतो. तास वाटा आणि कामांची रांग करा. प्रत्येक संस्थेने हंगामाच्या सुरुवातीला आपली कामं लिहून द्यायची: कुठला तारा, किती वेळ, चंद्र चालेल का, आकाश किती स्वच्छ हवं. रात्री जे जमण्यासारखं आहे ते रांगेतून उचलायचं. पातळ ढग असले तर तेजस्वी ताऱ्याचं काम, लख्ख असलं तर अंधुक. मोठ्या वेधशाळांत दोन्ही पद्धती चालतात. निरीक्षक स्वतः येतो तिथे ढगात गेलेली रात्र त्याची गेली, भरपाई सहसा नसते. रांगेच्या पद्धतीत मात्र ढगाचा फटका सगळ्यांना सारखा बसतो. चार भागीदारांत शांतता हवी असेल तर दुसरी पद्धत बरी. पिधान (चंद्राने किंवा लघुग्रहाने तारा झाकणं), ग्रहाचं अधिक्रमण (ग्रहाने आपल्या ताऱ्यासमोरून जाणं) अशी घड्याळ बांधून आलेली कामं रांग मोडून पुढे जातील, हे आधीच लिहून ठेवा. आणि हो, पिधानासाठी संगणकाचं घड्याळ जीपीएसला जोडलेलं हवं. घड्याळच काही सेकंद मागे असेल तर त्या निरीक्षणाला काडीची किंमत नाही.

पण हे सगळं वाटप करायच्या आधी देखभालीचे दिवस बाजूला काढायचे. उरलेल्यांत भागीदार. उलटं केलंत तर देखभालीला दिवस कधीच उरत नाही. दर पंधरवड्याला, अष्टमीच्या बदलाबरोबर, एक दुपार आणि एक अर्धी रात्र एवढं पुरे. मोठी कामं पावसाळ्यात.

पावसाळ्याबद्दल सोलापूरकरांचा एक गोड गैरसमज असतो, की आपला भाग दुष्काळी, म्हणजे आकाश मोकळं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांत बीजारोपणाचे प्रयोग केले ते सोलापुरात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस तोलून-मापून पडतो, पण ढग भरपूर असतात. सप्टेंबर तर इथला सगळ्यांत पावसाचा महिना. तेव्हा जून ते सप्टेंबर दुर्बीण सरळ बंद ठेवा. उत्तराखंडातली देवस्थळची वेधशाळासुद्धा पावसाळ्यात बंद असते. या चार महिन्यांत एखादी रात्र मोकळी मिळेल म्हणून आशेने घुमट उघडणारे लोक दमट हवा आत घेतात, आणि त्याची किंमत काचेवर बुरशीने चुकवतात. हवेतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी लेन्सच्या आतल्या बाजूला जाळं विणते, आणि एकदा लेप खाल्ला की तो परत येत नाही. आयपीस, फिल्टर, छोटी भिंगं झाकणबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास भाजा, परत वापरा.

आता मोटर आणि पोलर अलाइनमेंट. तुम्ही या दोन तक्रारी वेगळ्या लिहिल्या आहेत. मला त्या एकच वाटतात.

मंद्रूपची जमीन खोल काळी. ज्वारीला सोनं, बांधकामाला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. दुर्बिणीचा खांब मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत नेला असेल तर तो हलत नाही. काळ्या मातीतच दोन-तीन फुटांवर पाया थांबवला असेल तर दर पावसाळ्यात तो किंचित कलतो. किंचित म्हणजे डोळ्याला न दिसणारं, पण ०.१ अंश कलला तरी लांब एक्स्पोजरला पुरेसं. आणि घुमटाच्या भिंतीचा पायाही त्याच मातीत असणार. भिंत एका बाजूने उचलली गेली की वरचं लोखंडी कडं सपाट राहत नाही, चाकं एका जागी अडकतात, मोटर जोर लावते, गरम होते आणि शेवटी जळते. नवी बसवाल, तीही जळेल.

तपासायला सोपं आहे. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि कड्यावर आठ ठिकाणी लेव्हल बघा. एकदा मे अखेरीला, एकदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आकडे भिंतीवरच रंगाने लिहा. त्याच दोन दिवशी ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे तारा जागेवरून किती सरकतो ते बघून, पोलर अलाइनमेंट मोजा. दोन्ही एकाच दिशेने सरकत असतील तर दोष जमिनीचा. पाया नव्याने खोदणं हा खरा उपाय, पण त्याआधी स्वस्तातला करून बघा: घुमटाभोवती दीड-दोन मीटर रुंद मुरूम आणि फरशीचा उताराचा पट्टा करा, छपराचं पाणी पन्हाळीने लांब सोडा, आणि शेजारच्या उसाचं पाटाचं पाणी कुठवर येतं ते बघा. माती ओली-कोरडी व्हायचं प्रमाण कमी झालं की हालचालही कमी होते. खांब आणि खोलीची फरशी यांच्यात फट आहे ना, तेही एकदा बघा. बऱ्याच ठिकाणी गवंडी "फट बरी दिसत नाही" म्हणून ती सिमेंटने भरून मोकळा होतो, आणि मग कुणी चाललं की तारे नाचतात.

तुम्हाला अलाइनमेंटला आणखी एक अडचण येत असेल. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. तुम्ही शहराच्या दक्षिणेला आहात, म्हणजे तो नेमका शहराच्या उजेडात आणि मळणीच्या धुरळ्यात. त्याच्यावर नेम धरून अलाइनमेंट करण्यात रात्र घालवू नका. ड्रिफ्ट पद्धत किंवा फोटोवरून आकाशाची जागा ओळखणारं सॉफ्टवेअर, दोन्हींना ध्रुवतारा दिसायची गरज नाही. माउंटची उंची बसवायचा स्क्रू शेवटच्या टोकाला टेकलेला नाही ना, हेही पाहा. काही माउंट २० अंशांच्या खाली नीट उतरतच नाहीत, आणि मग लोक स्क्रू पिळून आटे घालवतात.

मोटर जळण्याचं दुसरं कारण वीज. जोडणी कुठल्या फीडरवरून आहे? शेतीपंपाच्या फीडरवरून असेल तर पाळीपाळीने दिवसा-रात्री मिळणारी वीज, सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की दाब ढासळलेला, एखादा फेज गेलेला. महावितरणकडे खेटे घाला, पण गावठाण फीडरवरून जोडणी घ्या. घुमटाच्या मोटरला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंगपासून संरक्षण बसवा, थोडक्या पैशांत मोटर वाचते. माउंट आणि कॅमेरा थेट लाइनवर कधीच नको. मध्ये १२ व्होल्टची बॅटरी ठेवा, चार्जर बॅटरीला आणि बॅटरी दुर्बिणीला. लाइन गेली तरी घुमट बंद करून, दुर्बीण पार्क करून घरी जाता येतं. यूपीएसच्या बॅटऱ्या घुमटात ठेवू नका. मे महिन्यात बंद घुमटात दुपारी ५० अंशांच्या वर जातं, आणि दर १० अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

अर्थिंग सगळेच करतात आणि पावसाळ्यात मोजतात. ओल्या मातीत ते चांगलंच येणार. मे महिन्यात मोजा, भेगा पडलेल्या जमिनीत, जिथे माती सळईपासून सुटलेली असते. वळवाची वीज नेमकी त्याच दिवसांत पडते. उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी, हे त्या आयटीआयच्या मुलाचं काम. घुमट आणि नियंत्रणाची खोली यांच्यामध्ये तांब्याच्या केबलऐवजी ऑप्टिकल फायबर टाका, विजेचा झटका एकीकडून दुसरीकडे जात नाही.

आरसा. सर, पुसू तर नकाच. आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. कोरड्या कापडाचा एक हात फिरवलात की त्यावरची वाळू तुमच्यासाठी कायमच्या रेघा ओढून ठेवते. धुवावा का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर टॉर्च मारून मिळत नाही. तिरका उजेड मारला तर कालच धुतलेला आरसाही घाणेरडा दिसतो. मोजून ठरवा. खगोलीय विषुववृत्तावर लँडोल्ट या खगोलशास्त्रज्ञाने मोजलेल्या प्रमाण ताऱ्यांची क्षेत्रं आहेत. सोलापुरातून ती ७२ अंशांपर्यंत वर येतात. दर महिन्याला त्यातलं एक क्षेत्र, डोक्याजवळ असताना, त्याच फिल्टरमधून, त्याच एक्स्पोजरने टिपा. धुरकट रात्र धरू नका, स्वच्छ दोन-तीन रात्रींची सरासरी घ्या. ताऱ्यांच्या मोजलेल्या उजेडाचा आकडा सुरुवातीपेक्षा ०.१ प्रतीने, म्हणजे जवळपास ९ टक्क्यांनी, उतरला की धुवायचा. कॅमेरा दर आठवड्याला बदलत असाल तर हा हिशेब ठेवताच येत नाही, हेही त्या ठरलेल्या जोडणीचं एक कारण.

धुण्याची वेळ लोक चुकवतात. दसऱ्याला हंगाम सुरू होणार, म्हणून ऑक्टोबरात धुतात, शस्त्रपूजेसारखं. मी म्हणतो मे अखेरीला धुवा. हंगामभर जमलेल्या धुळीत काय काय असतं बघा: उसाच्या फडांची आणि बगॅसची (गाळलेल्या उसाच्या चिपाडांची) राख, ज्वारीचा भुसा, रस्त्याची माती, सिमेंट. कोरडी असेपर्यंत ही धूळ निरुपद्रवी. पण राख आणि सिमेंट अल्कधर्मी, आणि अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खाते. जूनची दमट हवा लागली की प्रत्येक कणाभोवती एक सूक्ष्म डाग पडायला लागतो, चार महिने. ऑक्टोबरात धुवाल तेव्हा धूळ जाईल, डाग राहतील.

पद्धत सांगतो, एकदा नीट वाचा. आरसा काढण्याआधी त्याच्या कडेवर आणि पेटीवर पेन्सिलीने खुणा करा, म्हणजे परत त्याच दिशेने बसेल. अंगठी, घड्याळ, खिशातलं पेन बाहेर. मोठ्या प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल (सोलापुरात याची कमी नाही), त्यावर आरसा थोडा तिरका. आधी नुसत्या पाण्याची हलकी धार, पाच-दहा मिनिटं, हात न लावता. बहुतेक सगळी वाळू इथेच निघून जाते, आणि घाई करणारे हीच पायरी उरकतात. मग कोमट पाण्यात बिनवासाच्या सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालून आरसा त्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. दवाखान्यातल्या कापसाचा बोळा पाण्याखालीच, स्वतःच्या वजनाने सरकू द्या, बोटाचा दाब नको. एक फेरी झाली की बोळा फेकायचा, नवा घ्यायचा. बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला चालणार नाही, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांचे ठिपके राहतात. सीलबंद डिस्टिल्ड वॉटरची कॅन घ्या आणि दोनदा धुवा. आरसा उभा करून पाणी निथळू द्या, राहिलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपा, पुसू नका. पंखा लावून वाळवू नका, पंखा धूळ आणून टाकतो. बसवल्यावर कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करावंच लागेल, ती रात्र आधीच राखून ठेवा.

धुऊनही आकडा वर आला नाही, आरशात पारदर्शक ठिपके दिसायला लागले, की नवा थर द्यायची वेळ झाली. ते निर्वात पात्रातलं काम. देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीसाठी असं यंत्र तिथेच बसवलेलं आहे, तुम्हाला मात्र आरसा बाहेर पाठवावा लागेल. ते पावसाळ्यात करा, हंगाम बुडत नाही.

घुमटाच्या आणि माउंटच्या ग्रीसबद्दल थोडक्यात: जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस थापणं बंद करा. आपल्या धुळीत मिसळलेलं ग्रीस व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतं. आधी पूर्ण पुसून काढा, मग पातळ थर. घुमटाची चाकं, पट्टे, गिअरबॉक्स यांच्यासाठी पुण्या-मुंबईचा माणूस बोलवायची गरज नाही. यंत्रमागावर आयुष्य काढलेला जॉबर (मागांचा मिस्त्री) बेअरिंगचा आवाज ऐकून दोष सांगतो, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला लेथवाला चाक दोन दिवसांत कातून देतो. घुमट निःशंक त्यांच्या हवाली करा. नळीच्या आत मात्र त्यांचा हात जाऊ देऊ नका.

कॅमेऱ्याचं तापमान वर्षभर एकच ठेवा, उणे १०. जानेवारीत उणे २० सहज मिळतं म्हणून मोह होतो, पण मे महिन्याच्या संध्याकाळी ३३-३४ अंशांत ते मिळत नाही, आणि मग डार्क फ्रेमचे (झाकण लावून घेतलेल्या काळ्या फोटोंचे) दोन-तीन संच सांभाळावे लागतात. ढगाळ रात्री उणे १० चे डार्क आणि बायस (जवळपास शून्य एक्स्पोजरचे फोटो) घेऊन सामायिक फोल्डरमध्ये टाका, चारही संस्थांनी तेच वापरायचे.

नोंदवही कागदाची ठेवा, दोरी बांधून, संगणकाशेजारी. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये "मोटर आवाज करतेय" हा निरोप वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. रोजच्या पानावर तारीख, कोण होतं, तापमान, आर्द्रता, फोकसचा आकडा, विजेचा दाब, आणि वाया गेलेला वेळ, तोही तीन वेगळ्या खान्यांत: हवामान, बिघाड, माणूस आला नाही. तिसरा खाना लोक ठेवत नाहीत. ठेवून बघा, समितीच्या बैठकीचा सूर बदलतो. जाणाऱ्याने दुर्बीण पार्क करून, झाकण लावून, घुमट बंद करून सही करायची. सही नाही तर पुढची पाळी नाही. पानाच्या तळाला एक ओळ: पाल, गांधीलमाशी, उंदीर. हसू नका. घुमटाच्या फटीत गांधीलमाश्यांचं पोळं आणि कंट्रोल बॉक्समध्ये चिकटलेली पाल, दोन्हींपायी रात्रीच्या रात्री वाया गेलेल्या आहेत.

शाळांच्या सहली, गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे, नगरसेवकांची मुलं, यांना मोठी दुर्बीण दाखवायची पौर्णिमेच्या आसपास, लांबून. डोळा लावायला बाहेर अंगणात ८ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची, हाताने फिरवायची दुर्बीण) ठेवा. त्यातून चंद्र आणि शनी तितकाच छान दिसतो, आणि शंभर जणांचा धक्का १६ इंचीच्या फोकसरला बसत नाही.

एएमसी. यूपीएस, इन्व्हर्टर, एसी यांचं करा. दुर्बिणीचं करू नका. करार असला की तीन महिन्यांनी एक माणूस येतो, बाहेरून पुसतो, सही घेतो, आणि मधले तीन महिने प्रत्येक जण "एएमसी आहे की" म्हणून हात झटकतो. मोठ्या वेधशाळांत वर्षाचा चालवण्याचा खर्च उभारणीच्या सुमारे दहा टक्के धरायचा असा ढोबळ हिशेब आहे. तुम्हीही तेवढे पैसे दरवर्षी सामायिक खात्यात टाका. त्यातून मानधन द्या आणि सुटे भाग भरून ठेवा: पॉवर सप्लाय, फ्यूज, रिले, लिमिट स्विच, यूएसबी हब, प्रत्येक केबलची एक जोड, माउंटचा पट्टा, हँड कंट्रोलर. परदेशी कॅमेरा दुरुस्तीला गेला की महिनोन्‌महिने परत येत नाही, म्हणून तो दुसरा कॅमेरा कपाटात ठेवा म्हटलं.

नवी मोटर मात्र अजून घेऊ नका. आधी पाण्याच्या नळीने कड्याची लेव्हल आणि संध्याकाळी सातच्या सुमाराचा विजेचा दाब, हे दोन आकडे कळवा. मोटर किती अश्वशक्तीची लागेल ते त्यावरून सांगता येईल.